कर्क्युमिन पोटातून रक्तात का उतरत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्यात न विरघळणाऱ्या वनस्पतीजन्य औषधांचा विषय निघाला की बी. फार्म.चे विद्यार्थी, वैद्य, छोटे कॅप्सूल उत्पादक आणि रोज हळदीची गोळी घेणारे वाचक थोड्याफार फरकाने तेच प्रश्न विचारतात. त्यातले बहुतेक कर्क्युमिनचे, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचे असतात, म्हणून इथे तेच मुख्य उदाहरण घेतलं आहे. इतर वनस्पतींचं प्रश्न 11 मध्ये आहे. कोणी किती मात्रा घ्यावी हे या पानावर मिळणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारा.

1. कर्क्युमिन म्हणजे हळदच ना? मग वेगळी कॅप्सूल कशाला?

नाही. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन आणि त्याची भावंडं मिळून साधारण 2 ते 5 टक्के भरतात, बाकी पिष्ट, तंतू, सुगंधी तेल वगैरे. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद आणि त्याआधी 2016 मध्ये ते मिळालेली वर्धा जिल्ह्यातली वायगाव हळद आपल्याला जवळची. त्यातली वायगाव तर जास्त कर्क्युमिनसाठीच ओळखली जाते. तरीही कुठल्याही हळदीचा मोठा भाग कर्क्युमिन नसतोच.

हिशेब करून बघा. 3 टक्के धरले तर चहाच्या चमचाभर, म्हणजे सुमारे 3 ग्रॅम हळदीत 90 मिलिग्रॅम कर्क्युमिन. बाजारातल्या 95 टक्के अर्काच्या 500 मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये जवळपास 16 ग्रॅम हळदीचं. त्यामुळे 'आजी रोज हळद खायची, तिला काही झालं नाही' हे अर्काच्या कॅप्सूलला लागू होत नाही, फायद्याच्या बाबतीतही नाही आणि धोक्याच्या बाबतीतही नाही (पाहा प्रश्न 12).

2. पाण्यात विरघळत नाही म्हणजे नेमकं किती? आमटी तर पिवळीधमक होते.

आमटीतला रंग फोडणीच्या तेलात उतरलेला असतो आणि उरलेला बारीक कणांच्या रूपाने तरंगत असतो. तरंगणं आणि विरघळणं यांतली गल्लत या विषयात पदोपदी होते, ती प्रश्न 14 मध्ये पुन्हा भेटेल.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. डिझोल्युशनच्या, म्हणजे औषध किती आणि किती वेगाने विरघळतं ते तपासण्याच्या भांड्यात 900 मिलिलिटर पाणी, तापमान 37 अंश, पॅडल फिरतंय. त्यात शुद्ध कर्क्युमिन टाकलं की पृष्ठभागावर पिवळी साय धरते, काचेला कडेने पिवळी रेघ चिकटते आणि खालचं पाणी तासाभरानेही गाळून पाहिलं तर जवळजवळ रंगहीन. आकड्यात सांगायचं तर किंचित आम्लधर्मी पाण्यात मिलिलिटरला 11 नॅनोग्रॅम अशी नोंद आहे. म्हणजे गोळीबरोबर प्यायलेल्या 250 मिलिलिटर पाण्यात 3 मायक्रोग्रॅमही मावत नाही आणि आपण गिळलेले असतात 500 मिलिग्रॅम. आतड्यात पित्त असल्यामुळे प्रत्यक्षात परिस्थिती इतकी वाईट नसते, पण खड्डा किती खोल आहे याचा अंदाज यावा.

3. म्हणजे विरघळवलं की काम झालं?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. तोंडाने घेतलेल्या औषधाला आधी आतड्यातल्या द्रवात विरघळावं लागतं, मग आतड्याची भिंत ओलांडावी लागते, आणि त्यानंतर ती भिंत व यकृत यांच्या तावडीतून मूळ रूपात सुटावं लागतं. कर्क्युमिन या तिन्ही ठिकाणी मार खातं.

तिसरं ठिकाण सर्वांत निर्दयी. भिंतीच्या पेशींतच त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं जातं. उरलंसुरलं यकृत उरकतं. हे जोड-पदार्थ पाण्यात छान विरघळतात आणि झटपट बाहेर पडतात. शिवाय रसायन म्हणूनही कर्क्युमिन नाजूक आहे. पीएच 7.2 च्या साध्या बफरमध्ये अर्ध्या तासात त्याचा सुमारे 90 टक्के भाग विघटित होतो. रक्तद्रवात प्रथिनांच्या आधाराने ते त्यापेक्षा बरंच टिकतं.

1995 पासून औषधांची विद्राव्यता आणि भिंत ओलांडण्याची क्षमता पाहून चार वर्ग पाडतात. कर्क्युमिन बहुधा चौथ्या वर्गात टाकतात, म्हणजे दोन्हीत नापास. या वर्गवारीत चयापचयाचा हिशेब थेट धरलेला नाही, त्यामुळे नुसता वर्ग पाहून उपाय ठरवू नका. औषध नेमकं कुठे अडतंय ते आधी शोधा. कण बारीक करून चयापचय थांबत नाही आणि चयापचय थांबवून विद्राव्यता वाढत नाही.

4. मग जास्त खाल्लं तर? मात्रा वाढवून भागणार नाही का?

करून पाहिलंय. 2006 च्या एका अभ्यासात निरोगी माणसांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं. 10 आणि 12 ग्रॅमच्या गटातला एकेक जण सोडला तर कुणाच्याही रक्तात ते सापडलं नाही. त्याआधी 1978 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात तोंडाने दिलेल्या मात्रेचा सुमारे 75 टक्के भाग विष्ठेतूनच बाहेर पडला होता.

5. मिरपूड घातली की शोषण 2000 टक्क्यांनी वाढतं, हे खरं का?

आकडा खरा आहे, अर्थ फुगवलेला. तो बंगळूरमध्ये झालेल्या आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला. त्यात माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन (मिऱ्यातलं तिखट द्रव्य) दिलं आणि जैवउपलब्धता (रक्तात पोचणारं प्रमाण) 2000 टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं. त्याच अभ्यासात उंदरांमध्ये वाढ होती 154 टक्के. पण पायपरिनशिवाय माणसांच्या रक्तातली पातळी एक तर मोजता येत नव्हती किंवा अगदीच नगण्य होती. शून्याच्या शेजारच्या आकड्याला विसाने गुणलं तरी तो लहानच राहतो. वाढ दिसली तीही पहिल्या तासाभरातच.

पायपरिन विद्राव्यतेला हातही लावत नाही. ते ग्लुकुरोनिक आम्ल जोडणारी विकरं (एन्झाइम) आणि औषध आतड्यात परत फेकणारा पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप मंदावतं, म्हणजे प्रश्न 3 मधल्या दुसऱ्या-तिसऱ्या अडथळ्यांवर काम करतं. मिऱ्यात पायपरिन साधारण 5 टक्के धरलं तर 20 मिलिग्रॅमसाठी आठेक दाणे लागतात. भाजीवर भुरभुरवलेल्या चिमटीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

6. आयुर्वेदात त्रिकटू याचसाठी घालतात का?

सुंठ, मिरी, पिंपळी या तिघांपैकी मिरी आणि पिंपळी दोन्हींत पायपरिन असतं, हे खरं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस संशोधक सी. के. अटल यांनी नेमका हाच धागा पकडला. इतक्या पाठांमध्ये त्रिकटू पुन्हा पुन्हा येतं ते इतर द्रव्यांचं शोषण वाढवण्यासाठी तर नसेल? जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत यावर पुढे बरंच काम झालं. त्यातून क्षयावरची रिसोरिन ही कॅप्सूल बाजारात आली. नेहमीच्या 450 मिलिग्रॅमऐवजी 200 मिलिग्रॅम रिफाम्पिसिन, सोबत आयसोनियाझिड आणि 10 मिलिग्रॅम पायपरिन.

मात्र त्रिकटूचा शास्त्रोक्त उपयोग दीपन-पाचनाचा, म्हणजे भूक आणि पचन सुधारण्याचा सांगितलेला आहे. 'आपल्या पूर्वजांना बायोअव्हेलेबिलिटी ठाऊक होती' असं म्हणण्याचा मोह मला तरी पटत नाही. निरीक्षण जुनं आहे, स्पष्टीकरण नवं. दोन्ही आपापल्या जागी पुरेशी मोठी आहेत.

7. हळद दुधातून किंवा तुपातूनच घ्यावी, याला आधार आहे का?

आहे. स्निग्ध पदार्थ पोटात गेला की पित्ताशय आकुंचन पावतं, पित्तक्षार येतात, स्निग्धांशाच्या पचनातून सूक्ष्म थेंब आणि मायसेल (पित्तक्षार व स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म गोळे) बनतात आणि न विरघळणारी रेणूमंडळी त्यांत शिरते. दुधातलं केसिनही कर्क्युमिनला धरून ठेवतं. शल्लकीच्या डिंकातल्या बोस्वेलिक आम्लांची रक्तातली पातळी उपाशीपोटी घेण्यापेक्षा स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यावर ठळकपणे वाढते, हे माणसांत मोजलेलं आहे. तेव्हा अशी औषधं चहा-बिस्किटावर न घेता जेवणानंतर घेण्यात अर्थ आहे. फक्त हळदीच्या दुधातलं एकूण कर्क्युमिन किती, ते प्रश्न 1 मध्ये पाहा.

8. लायपोसोम, फायटोसोम, नॅनो, मायसेल... यात फरक काय? कोणतं चांगलं?

कोणता उपाय कुठल्या अडथळ्यावर चालतो हे पाहिलं की गोंधळ कमी होतो.

कण बारीक करणं हा सर्वांत जुना मार्ग. 1897 च्या नॉयस-व्हिटनी नियमानुसार विरघळण्याचा वेग पृष्ठभागावर अवलंबून असतो. कणाचा व्यास दहापट कमी केला की तेवढ्याच वजनाला दहापट पृष्ठभाग मिळतो. मायक्रोनायझेशनने काही मायक्रॉनपर्यंत आणि ओल्या बॉल मिलिंगने काही शे नॅनोमीटरपर्यंत जाता येतं. पण बारीक कण पुन्हा एकमेकांना बिलगतात, म्हणून स्थिर ठेवणारा पॉलिमर किंवा सर्फॅक्टंट (साबणासारखं काम करणारं द्रव्य) हवाच. यात वाढतो तो मुख्यतः वेग. अंतिम विद्राव्यता फारशी हलत नाही.

सॉलिड डिस्पर्शनमध्ये स्फटिकच मोडून टाकतात. औषध आणि पॉलिमर, म्हणजे पीव्हीपी किंवा एचपीएमसी-एएस, एकत्र विरघळवून स्प्रे-ड्राय करतात (गरम हवेत फवारून सुकवतात) किंवा वितळवून एक्सट्रूडरमधून काढतात. स्फटिकाची बांधणी मोडायला लागणारी ऊर्जा आधीच खर्च झालेली असल्याने औषध पाण्यात झटकन उतरतं, प्रसंगी विद्राव्यतेपेक्षाही जास्त. मग पॉलिमर त्याला परत साका होऊन खाली बसू देत नाही. फार्माच्या वर्गात याला 'स्प्रिंग आणि पॅराशूट' म्हणतात. याची दुखरी बाजू प्रश्न 9 मध्ये आहे.

फायटोसोम म्हणजे औषध आणि लेसिथिनमधलं फॉस्फॅटिडिलकोलीन यांची रेणू-रेणूची जोडी. लायपोसोममध्ये पुष्कळ लिपिड रेणूंचं कवच असतं आणि औषध त्यात कोंडलेलं असतं. ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, ती चूक आहे. फायटोसोमची पद्धत आधी मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीच्या बियांतल्या सिलिबिनसाठी रुळली, नंतर कर्क्युमिनसाठी.

स्वतः इमल्शन होणाऱ्या पद्धतीत तेल, सर्फॅक्टंट आणि सहद्रावक यांत औषध आधीच विरघळवून सॉफ्टजेलमध्ये भरतात. पोटातल्या हालचालीने त्याचे बारीक थेंब होतात. औषध विरघळलेल्या अवस्थेतच पोटात पोचतं, हा मोठा फायदा. तोटा असा की कॅप्सूलमध्ये औषधाला जागा थोडी उरते आणि सर्फॅक्टंट जास्त झालं की पोट बिघडतं.

सायक्लोडेक्स्ट्रिनच्या (साखरेच्या रेणूंच्या) कड्यात औषध बसवणं छोट्या मात्रेच्या औषधाला परवडतं. कर्क्युमिनसारख्या शेकडो मिलिग्रॅमच्या औषधाला गोळीचा आकारच हाताबाहेर जातो.

'चांगलं कोणतं' विचाराल तर मी अशा औषधासाठी लिपिडच्या बाजूला झुकतो, कारण त्यात विरघळण्याची पायरीच टळते. पण चयापचयाचा अडथळा यातल्या एकानेही पूर्ण सुटत नाही.

9. आमची स्प्रे-ड्राय पावडर ताजी असताना मस्त विरघळायची. सहा महिन्यांनी तीच बॅच नापास. का?

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: ती पुन्हा स्फटिक झाली. अस्फटिक रूप ऊर्जेने वरच्या पायरीवर असतं आणि संधी मिळताच खाली उतरतं. ही संधी ओलावा देतो. पीव्हीपी हवेतलं पाणी भराभर ओढतं, पाण्याने पॉलिमर मऊ पडतो, आत अडकलेले रेणू हलायला मोकळे होतात आणि एकत्र येऊन स्फटिकाची सुरुवात करतात. जुलैत रत्नागिरी-चिपळूणकडे साध्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवलेली पावडर यातून सुटण्याची आशा करू नये.

तपासायचं असेल तर ताजा आणि जुना नमुना शेजारी शेजारी ठेवा. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये ताज्याचा रुंद, बसका उंचवटा दिसतो, बिघडलेल्यात टोकदार शिखरं येतात. डीएससीमध्ये (नमुना तापवत उष्णतेची देवाणघेवाण मोजणाऱ्या चाचणीत) 183 अंशांच्या आसपास, कर्क्युमिनच्या वितळणबिंदूपाशी, खळगा दिसू लागतो. प्रमाण अजून थोडं असेल तर तो थोडा अलीकडे सरकलेला असतो. उपायांमध्ये औषधाचं प्रमाण कमी करणं, पीव्हीपीऐवजी कमी ओलावा ओढणारा एचपीएमसी-एएस घेणं, अ‍ॅलू-अ‍ॅलू पॅकिंग आणि शोषक पुडी. 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेवरची चाचणी सुरुवातीलाच लावा. फॉर्म्युला पक्का झाल्यावर लावली तर फक्त पश्चात्ताप मोजला जातो.

10. लेबलवर '29 पट', '185 पट' शोषण लिहिलेलं असतं. कोणावर विश्वास ठेवायचा?

आकड्यावर नको, तो कसा आला त्यावर ठेवा. आधी बघा की तुलना कशाशी आहे. बहुतेक वेळा ती साध्या कर्क्युमिन पावडरीशी असते आणि ती तर जवळजवळ शून्य शोषली जाते. भागाकारातला खालचा आकडा शून्याजवळ असला की वर काहीही ठेवा, उत्तर दणदणीतच येणार.

त्याहून महत्त्वाचं, मोजलं काय? रक्ताच्या नमुन्यात ग्लुकुरोनिडेज विकर घालून जोड-पदार्थ तोडतात आणि सगळं मिळून 'एकूण कर्क्युमिन' म्हणून दाखवतात. 2014 च्या जर्मन अभ्यासातला मायसेलचा 185 पटीचा आकडा असाच एकूण कर्क्युमिनचा आहे. ती पद्धत चूक नाही, शरीरात किती शिरलं हे तिने कळतं. पण मूळ मोकळं कर्क्युमिन किती फिरत होतं, ते त्यातून कळत नाही, आणि जाहिरातीत ही ओळ गळून पडते. वेगवेगळ्या अभ्यासांतले 'पट' एकमेकांशेजारी ठेवून क्रमवारी लावणं तर पूर्णच व्यर्थ. लेबलपेक्षा मूळ प्रबंधातलं रक्त-पातळीचं आलेखचित्र पाहा आणि उभ्या अक्षावरचं एकक वाचा.

11. सगळ्या वनस्पतीजन्य औषधांना हेच उपाय चालतात का?

मुळीच नाही. दारुहळदीतलं बर्बेरिन घ्या. नावात हळद आहे, रंगही पिवळा, पण दुखणं वेगळं. ते पाण्यात त्या मानाने बरं विरघळतं. त्याच्या रेणूवर कायमचा धनभार असतो आणि पंप त्याला परत ढकलतो, म्हणून भिंत ओलांडता येत नाही. त्याचे नुसते कण बारीक करून काय साधणार?

कांद्यातल्या क्वेर्सेटिनचं उलटंच. शुद्ध क्वेर्सेटिनपेक्षा कांद्यात साखर जोडलेल्या रूपातलं क्वेर्सेटिन जास्त शोषलं जातं, असं 1995 मध्ये दिसलं. सगळीकडे 'शुद्ध करा, मग फायदा' असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आर्टेमिसिनिनच्या बाबतीत रसायनशास्त्रज्ञांनी रेणूच बदलला आणि पाण्यात विरघळणारं आर्टेसुनेट बनवलं.

सर्वांत बोधप्रद प्रकरण डिगॉक्सिनचं. हृदयाचं हे औषध डिजिटॅलिस लॅनाटा या वनस्पतीतून मिळतं. गोळी जेमतेम 0.25 मिलिग्रॅमची, त्यामुळे एकूण विद्राव्यता आड येत नाही. आड येतो विरघळण्याचा वेग, म्हणजे कणांचा आकार. 1971 मध्ये अमेरिकेत दिसलं की तेवढ्याच मात्रेच्या वेगवेगळ्या उत्पादकांच्या गोळ्यांनी रक्तातली पातळी सातपटीपर्यंत वेगळी येते. 1972 मध्ये ब्रिटनमध्ये एका प्रमुख गोळीच्या निर्मितीप्रक्रियेत बदल झाला आणि तिची जैवउपलब्धता जवळपास दुप्पट झाली. उपचाराची आणि विषबाधेची पातळी इतकी जवळजवळ असलेल्या औषधात ही चेष्टा नव्हे. गोळ्यांची डिझोल्युशन चाचणी पुढे काटेकोर झाली त्यामागे हे प्रकरण मोठं कारण आहे.

12. शोषण वाढलं म्हणजे चांगलंच ना? धोका कसला?

ज्या औषधाची निर्धोकता ते शोषलं जात नाही यावरच टेकलेली होती, त्याचं शोषण वाढवल्यावर जुना निर्धोकपणा आपोआप सोबत येत नाही. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाची प्रकरणं समोर आली आणि 2022 मध्ये तिथे लेबलवर इशारा सक्तीचा झाला. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानेही सूचना काढली. अमेरिकेतल्या यकृत-इजा नोंदवणाऱ्या जाळ्याने हळदीशी जोडलेली 10 प्रकरणं प्रसिद्ध केली. त्यातल्या 7 जणांत एचएलए-बी 35:01 हा जनुकप्रकार होता आणि तपासलेल्या 7 उत्पादनांपैकी 3 मध्ये पायपरिन सापडलं. हे विरळा आहे, पण डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, भूक मरणं असं दिसलं तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जा.

दुसरा धोका पायपरिनचा स्वतःचा. ते फक्त कर्क्युमिनची वाट मोकळी करत नाही. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन यांच्या रक्तातल्या पातळ्या त्याने वाढल्याचं माणसांत नोंदवलेलं आहे. फिट्सची, हृदयाची किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधं चालू असतील तर 'हर्बल आहे' म्हणून ही जोडगोळी परस्पर सुरू करू नका. पित्ताशयात खडे असतील तरीही विचारून घ्या, कारण कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं.

13. शोषलंच जात नसेल तर साधं कर्क्युमिन वायाच जातं का?

दुखणं आतड्यातच असेल तर नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या आजारात) साधं कर्क्युमिन नेहमीच्या मेसालामिनसारख्या औषधांच्या जोडीने देऊन चाचण्या झाल्या आहेत. 2006 मध्ये जपानमधल्या चाचणीत दिवसाला 2 ग्रॅम, 2015 मधल्या एका चाचणीत 3 ग्रॅम, आणि दोन्हींत औषध नसलेल्या दिखाऊ (प्लासिबो) गोळीपेक्षा फरक दिसला. मोठ्या आतड्यापर्यंत औषध पोचायचं असेल तर वरच्या आतड्यात ते शोषलं न जाणं हीच सोय. अशा वेळी 185 पटीची कॅप्सूल उलट चुकीची निवड ठरू शकते. रक्तात पोचवायचंय की आतड्यात ठेवायचंय, हे ठरल्याशिवाय प्रश्न 8 कडे जाऊच नये.

14. कॅप्सूल फोडून पाण्यात टाकली, लगेच पिवळं पाणी झालं. म्हणजे विरघळली ना?

पसरली, एवढंच कळलं. पेला उजेडासमोर धरा. पाणी गढूळ दिसत असेल तर कण तरंगताहेत. पण नॅनो कण असतील तर पाणी पारदर्शक दिसूनही त्यात खरं विरघळलेलं औषध थोडंच असू शकतं. नेहमीच्या 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतूनही असे कण आरपार जातात, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत '100 टक्के विरघळलं' असे निकाल सहज येतात. जोरात सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी एचपीएलसीवर (मिश्रणातला एकेक घटक वेगळा करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलं तरच आकड्याला अर्थ. माध्यमात सोडियम लॉरिल सल्फेट हे सर्फॅक्टंट किती घातलं होतं तेही विचारा. ते भरपूर असेल तर साधी पावडरही विरघळते, आणि आपल्या आतड्यात ते नसतं. त्याऐवजी पित्तक्षार आणि लेसिथिन घातलेलं, उपाशी व भरल्या पोटाची नक्कल करणारं माध्यम वापरा. ते महाग पडतं, म्हणून निदान शेवटच्या दोन-तीन फॉर्म्युल्यांसाठी तरी.